प्रश्न आणि उत्तर यांच्यामधले सात दिवस

साप्ताहिक आव्हान म्हणजे ठरलेल्या वारी मांडलेला आणि ज्याचे उत्तर पुढच्या आठवड्यापर्यंत राखून ठेवले जाते असा प्रश्न; मग तो गणिती कोड्याच्या रूपात असो, शब्दकोड्याच्या असो, एखाद्या अनोळखी छायाचित्राच्या असो किंवा घरी करून पाहायच्या प्रयोगाच्या. रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे आणि त्याखालची ‘उत्तर पुढील अंकी’ ही सूचना मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहे; परंतु या प्रकाराकडे सहसा विरंगुळा म्हणून पाहिले जाते आणि त्याचे मोल प्रश्न किती अवघड आहे यावरून ठरवले जाते. प्रत्यक्षात अशा आव्हानाची खरी ताकद प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या दिवसांत असते, कारण कल्पना सुचायला लागणारा वेळ आणि सुचलेल्या कल्पनेची झडती घ्यायला लागणारा वेळ हे दोन्ही शाळेच्या एका तासिकेत किंवा परीक्षेच्या एका प्रश्नाला मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांत बसत नाहीत.

येथे कल्पनाशक्ती या संज्ञेने समोर नसलेल्या शक्यता मनात उभ्या करण्याची क्षमता अभिप्रेत आहे, तर चिकित्सक विचार म्हणजे एखादे विधान मान्य करण्यापूर्वी त्याचा पुरावा, त्यामागची गृहीतके आणि त्याला असू शकणारे पर्याय तपासून पाहण्याची सवय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष या नात्याने केलेल्या भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले, आणि पुढे त्यांच्या लेखनातून अपसारी विचार, म्हणजे एका प्रश्नापासून अनेक दिशांना फाकत जाणारा विचार, आणि अभिसारी विचार, म्हणजे अनेक शक्यतांवरून एका उत्तराकडे येणारा विचार, हा भेद रूढ झाला. साधी वीट बांधकामाखेरीज कशाकशासाठी वापरता येईल, हा या परंपरेतल्या कसोट्यांचा नमुनेदार प्रश्न होय. अभ्यासाच्या सोयीसाठी केलेला हा भेद शिक्षणव्यवहारात मात्र दोन वेगळ्या स्वभावांसारखा वागवला जाऊ लागला, आणि कल्पना चित्रकलेच्या तासाला व चिकित्सा गणित-विज्ञानाच्या तासाला, अशी वाटणी होऊन बसली. ती चुकीची आहे. ज्याला दुसरी शक्यता सुचतच नाही त्याला पहिल्या शक्यतेवर शंका घेण्याचे कारणच उरत नाही, आणि म्हणून कल्पनेच्या अभावी चिकित्सेचे पाऊल पुढे पडत नाही.

नियमित कोड्यांची प्रथा लोकप्रिय केली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ब्रिटिश साप्ताहिकांनी. जॉर्ज न्यूनेस यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या ‘टिट-बिट्स’ या साप्ताहिकातून हेन्री ड्यूडनी यांची कोडी ‘स्फिंक्स’ या टोपणनावाने येत असत. ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या वृत्तपत्रात १९२६ पासून १९३९ मधील मृत्यूपर्यंत एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी ‘टॉर्केमाडा’ या नावाने शब्दकोडी रचली, आणि गूढ सूत्रांचे कोडे म्हणून इंग्रजीत जो प्रकार आज ओळखला जातो त्याला त्यांनी आकार दिला. अशा कोड्यातल्या प्रत्येक सूत्रात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा दडलेल्या असतात, एक अर्थाची आणि दुसरी अक्षरांच्या मोडतोडीची. वाक्याचा वरवरचा अर्थ वाचकाला भलतीकडेच नेतो, पण खरे उत्तर सापडले की दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळतात. वरवरचा अर्थ झुगारण्यासाठी कल्पना लागते आणि सापडलेला शब्द दुसऱ्या वाटेने पडताळण्यासाठी चिकित्सा, त्यामुळे एका ओळीच्या सूत्रातही दोहोंची कसोटी लागते.

तथापि साप्ताहिक प्रश्नाने काय घडू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘परेड’ या अमेरिकन नियतकालिकात सापडते. देशभरातील वृत्तपत्रांसोबत दर रविवारी घरोघरी जाणाऱ्या या अंकात मेरिलिन व्हॉस सॅव्हंट १९८६ पासून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर लिहीत. ९ सप्टेंबर १९९० च्या अंकात त्यांनी पुढील प्रश्न घेतला. एका खेळात तीन बंद दारे आहेत. एकामागे मोटार आणि उरलेल्या दोहोंमागे बकऱ्या आहेत. स्पर्धक पहिले दार निवडतो. कोणत्या दारामागे काय आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक तिसरे दार उघडून तिथली बकरी दाखवतो आणि विचारतो, की निवड बदलून दुसरे दार घ्यायचे आहे काय? निवड बदलण्यात स्पर्धकाचा फायदा आहे का, हा प्रश्न होता. आणि बदलावी, कारण बदलल्यास मोटार मिळण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश व न बदलल्यास एक-तृतीयांश आहे, असे उत्तर व्हॉस सॅव्हंट यांनी दिले.

त्यावर सुमारे दहा हजार पत्रे आली आणि त्यांतील जवळपास हजार पत्रलेखक पीएच.डी. पदवीधारक होते. दोनच दारे उरल्यावर दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी असणारच, ही बहुतेकांची भूमिका होती आणि ती अनेकांनी अतिशय कडक भाषेत, काहींनी तर देशातील गणिताच्या शिक्षणाबद्दल चिंता व्यक्त करीत मांडली. व्हॉस सॅव्हंट यांनी स्वतःच सदरात नमूद केल्याप्रमाणे सर्वसामान्य वाचकांच्या पत्रांपैकी ९२ टक्के आणि विद्यापीठांतून आलेल्या पत्रांपैकी ६५ टक्के पत्रे त्यांच्या उत्तराच्या विरोधात होती. उत्तर मात्र बरोबर होते. पॉल एर्दोश यांच्यासारख्या विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञालाही ते लवकर पटले नाही, आणि संगणकावर हा खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवल्यावरच त्यांची खात्री झाली, असे त्यांचे मित्र अँड्र्यू वाझोनी यांनी लिहून ठेवले आहे.

हे उत्तर का बरोबर आहे ते नीट पाहिले पाहिजे, कारण चिकित्सक विचाराचे मर्म त्यात स्पष्ट दिसते. स्पर्धकाने पहिले दार निवडले असता मोटार पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दारामागे असू शकते आणि सुरुवातीला तिन्ही शक्यता सारख्या आहेत. मोटार पहिल्या दारामागे असेल तर निवड बदलणारा हरतो. ती दुसऱ्या दारामागे असेल तर सूत्रसंचालकाला तिसरे दार उघडण्यावाचून गत्यंतर नसते आणि बदलणारा जिंकतो. ती तिसऱ्या दारामागे असेल तर त्याला दुसरेच दार उघडावे लागते आणि तेव्हाही बदलणारा जिंकतो. तीनपैकी दोन वेळा बदलणे फायद्याचे ठरते ते यामुळे, की उघडलेले दार आंधळेपणाने उघडलेले नसते. सूत्रसंचालकाच्या माहितीचा अंश त्या कृतीतून स्पर्धकापर्यंत पोहोचतो. निम्मी-निम्मी शक्यता सांगणाऱ्यांनी दारे मोजली, पण दार उघडणाऱ्याला काय ठाऊक आहे हे हिशेबात धरले नाही. येथेच आणखी एक पायरी चढता येते: सूत्रसंचालक प्रत्येक वेळी न निवडलेल्या दारांपैकी बकरीचेच दार उघडतो व निवड बदलण्याची संधी नेहमी देतो, हे वरील युक्तिवादाचे गृहीतक आहे, आणि स्पर्धकाने मोटारीचे दार निवडलेले असेल तेव्हाच संधी देणारा धूर्त सूत्रसंचालक असेल तर बदलणारा दर वेळी हरेल. उत्तर कोणत्या अटींवर उभे आहे आणि त्या अटी बदलल्या तर काय होईल, हे विचारणे म्हणजे उत्तर मिळाल्यानंतरही चालू राहिलेली चिकित्सा होय.

या प्रकरणाचा शैक्षणिकदृष्ट्या मोलाचा भाग त्यानंतर घडला. प्रश्न १९९० च्या सप्टेंबरमध्ये संपला नाही. डिसेंबरमध्ये, पुढच्या फेब्रुवारीत आणि जुलैत व्हॉस सॅव्हंट त्याकडे परत आल्या आणि त्यांनी शाळांतील वर्गांना हा खेळ प्रत्यक्ष खेळून निकाल नोंदवण्याचे आवाहन केले. त्यासाठी तीन कागदी पेले, एक नाणे आणि नोंदी करायला कागद एवढे साहित्य पुरेसे होते: एक विद्यार्थी सूत्रसंचालक, दुसरा स्पर्धक, आधी निवड न बदलता बऱ्याच फेऱ्या आणि मग दर वेळी बदलून तितक्याच. अनेक वर्गांनी आपले निकाल कळवले आणि ते दोन-तृतीयांशाच्या बाजूने होते. मोठमोठ्या पदव्यांच्या अधिकारवाणीला शाळकरी मुलांनी पेले आणि नाण्याने दिलेले हे उत्तर सार्वजनिक चिकित्सेच्या इतिहासात जपून ठेवण्याजोगे आहे. हे शक्य झाले ते सदर नियमित असल्यामुळे आणि दोन अंकांच्या मधल्या काळात रागावण्यास, पेल्यांचा खेळ मांडण्यास, नोंदी करण्यास व मत बदलण्यास अवसर मिळाल्यामुळे.

मधल्या काळात मनात नेमके काय घडते, याची मांडणी इंग्लंडमधील ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये केली. जर्मन वैज्ञानिक हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या समारंभात स्वतःला कल्पना कशा सुचत गेल्या याचे वर्णन केले होते, त्याचा आधार घेऊन वॉलस यांनी सर्जनशील विचाराच्या चार अवस्था सांगितल्या: पूर्वतयारी, म्हणजे प्रश्नाशी जाणीवपूर्वक केलेली झटापट, उबवण, म्हणजे प्रश्न बाजूला ठेवलेला काळ, स्फुरण, म्हणजे उत्तर अवचित सुचण्याचा क्षण, आणि पडताळा, म्हणजे सुचलेले उत्तर कसोटीला लावणे. सिओ आणि ऑर्मरॉड या संशोधकांनी २००९ मध्ये या विषयावरील शंभराहून अधिक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले असता प्रश्न काही काळ बाजूला ठेवण्याचा फायदा होतो, तो अनेक कल्पना सुचवण्याच्या कामात अधिक होतो, आणि आधी जास्त वेळ झटापट केलेली असेल तर तो वाढतो, असे दिसून आले. त्यामागची एक संभाव्य यंत्रणा अशी सांगितली जाते, की पहिल्या प्रयत्नात मन ज्या चुकीच्या वाटेला चिकटून बसलेले असते तिचा जोर मधल्या काळात ओसरतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांच्या प्रसिद्ध प्रयोगात मेणबत्ती भिंतीवर बसवायची असते आणि साहित्यात टाचण्यांनी भरलेला खोका असतो. खोका रिकामा करून भिंतीला टाचला तर तोच मेणबत्तीचा आधार होतो, पण टाचण्या आत असेपर्यंत बहुतेकांना तो केवळ टाचण्यांचा खोका दिसतो.

शिक्षकांसाठी यातून निघणारा निष्कर्ष थेट आहे. सोमवारी प्रश्न फळ्यावर लिहून शनिवारी उत्तर सांगितले, आणि मध्ये मुलांनी त्याला हातच लावला नाही, तर तो आठवडा वाया जातो. पहिल्या दिवशी निदान वीस मिनिटे झटापट, पहिला अंदाज लिहून ठेवणे आणि मगच प्रश्न बाजूला सारणे, ही शिस्त पाळली तरच उबवणीचा काळ कामाला येतो. लिहून ठेवलेला पहिला अंदाज विशेष महत्त्वाचा, कारण तो नसेल तर शेवटी प्रत्येकालाच आपल्याला हे आधीपासून ठाऊक होते असे वाटते.

आपलेच म्हणणे तपासण्याचे शिक्षण देणारा एक प्रश्न ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. २, ४, ६ ही तीन संख्यांची मालिका एका नियमात बसते, एवढे सांगून सहभागी व्यक्तींनी स्वतः त्रिकुटे सुचवायची होती; प्रत्येक त्रिकूट नियमात बसते की नाही ते प्रयोगकर्ता सांगे, आणि पुरेशी खात्री झाली की सहभागी व्यक्तीने नियम जाहीर करायचा होता. बहुतेकांनी ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ अशी त्रिकुटे सुचवली, ‘होय’ हे उत्तर मिळवले आणि दोनाने वाढणाऱ्या संख्या हा नियम जाहीर केला. खरा नियम मात्र केवळ चढत्या क्रमातील कोणत्याही तीन संख्या एवढाच होता. २९ जणांपैकी अवघ्या ६ जणांनी आधी चुकीचा नियम न सांगता बरोबर नियम सांगितला. स्वतःच्या अंदाजाला दुजोरा देणारीच उदाहरणे शोधण्याच्या या प्रवृत्तीला दुजोऱ्याचा पूर्वग्रह म्हणता येईल. १, ७, ५० किंवा ६, ४, २ असे, आपला अंदाज खरा असेल तर ज्याला ‘नाही’ हे उत्तर यायला हवे असे त्रिकूट मुद्दाम सुचवणे, हाच त्यावरचा उपाय. हा प्रयोग वर्गात आठवडाभर उत्तम चालतो: रोज प्रत्येक गटाने एकच त्रिकूट द्यायचे, शिक्षकांनी फक्त ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ एवढेच सांगायचे, आणि शनिवारी नियम जाहीर करायचा. दिवसाला एकच संधी असल्यामुळे कोणते त्रिकूट विचारण्याजोगे आहे यावर गटात खडाजंगी होते, आणि ‘नाही’ या उत्तरातून ‘होय’पेक्षा जास्त कळू शकते ही गोष्ट मुलांच्या अंगवळणी पडू लागते.

गणितात अशा आव्हानांची खाण शोधायची तर महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला, फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळाशिक्षक म्हणून काम केले. कोणत्याही विद्यापीठीय पदाशिवाय संख्यांच्या गुणधर्मांवर त्यांनी आयुष्यभर शोध घेतला, आणि मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या गणिती खेळांच्या सदरात १९७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगभरच्या वाचकांना त्यांचे नाव परिचित झाले. त्यांचा १९४९ मधील शोध असा: सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या आणि चढत्या क्रमाने मांडून दुसरी संख्या करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या बाकीवर हीच क्रिया पुन्हा करीत राहावे, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग तीच येत राहते. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. १००४ पासून निघाल्यास मात्र ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असा प्रवास करून सातव्या पायरीला ६१७४ गाठता येते.

चौथीतल्या मुलालाही करता येईल अशी ही वजाबाकी आहे, आणि तरीही तिच्यात आठवडाभर पुरेल एवढे काम आहे. पहिल्या दिवशी केवळ करून पाहावे आणि वर्गातल्या प्रत्येकाची वेगळी संख्या एकाच मुक्कामी येते याचे आश्चर्य अनुभवावे. दुसऱ्या दिवशी हे मोडता येते का ते पाहावे: ७७७७ सारखी संख्या शून्यावर येते, आणि मधल्या बाकीत आघाडीचे शून्य गाळले तर क्रिया बिघडते, म्हणजे नियमाची प्रत्येक अट का आहे ते कळते. पुढे अंकांची संख्या बदलावी. तीन अंकांना ४९५ हा असाच मुक्काम आहे. दोन अंकांना मात्र मुक्कामच नाही, तर ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१ असे न संपणारे रिंगण आहे. पाच अंकांनाही एकच मुक्काम सापडत नाही. हे कळल्यावर चार अंकांचा गुणधर्म सर्वत्र लागू असणार, हा मनाने आपोआप केलेला तर्क कोसळतो, आणि तो स्वतःच्या हाताने कोसळलेला पाहणे हे शिक्षकाच्या दहा इशाऱ्यांपेक्षा मोलाचे असते. अखेरीस ‘का’ हा प्रश्न घ्यावा. त्याचे पूर्ण उत्तर शालेय पातळीवर लांबते, पण एक भाग आवाक्यातला आहे: संख्येचे अंक कसेही फिरवले तरी तिला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, म्हणून अशा दोन संख्यांच्या वजाबाकीला ९ ने निःशेष भाग जातो, आणि वजाबाकीतून वर आलेली प्रत्येक संख्या नवाच्या पाढ्यातली का आहे याचा उलगडा होतो.

कल्पनेचा आणि पुराव्याचा संबंध चित्रांतूनही शिकवता येतो. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील शिक्षणविभागाच्या कामातून पुढे आलेली आणि ॲबिगेल हाउसन व फिलिप येनवाइन यांनी विकसित केलेली एक पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे: या चित्रात काय चालले आहे, असे कशावरून म्हणता, आणि आणखी काय दिसते? ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने शाळांसाठी चालवलेल्या एका साप्ताहिक उपक्रमात याच पद्धतीने मथळा काढून टाकलेले वृत्तछायाचित्र दिले जाते आणि मूळ मथळा काही दिवसांनी उघड केला जातो. सगळे बळ दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्या प्रश्नाने मुले हव्या तितक्या गोष्टी रचतात, पण ‘कशावरून’ असे विचारताच प्रत्येक गोष्टीला चित्रातली सावली, कपडे, पाटीवरची अक्षरे किंवा चेहऱ्यांची दिशा यांचा आधार दाखवावा लागतो, आणि आधार न सापडणारी गोष्ट कोणी न हिणवताही मागे पडते. मजकुराशिवाय फिरणारी छायाचित्रे दररोज मोबाइलवर येऊन धडकत असताना हा सराव चैनीचा राहिलेला नाही.

अंदाजाचे प्रश्न हा आणखी एक फलदायी प्रकार. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोतील पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी कागदाचे कपटे हातातून सोडले आणि स्फोटाच्या लाटेने ते किती लांब उडाले यावरून स्फोटाची शक्ती सुमारे दहा हजार टन टीएनटीइतकी असल्याचे सांगितले. प्रत्यक्ष आकडा याच्या दुपटीच्या आसपास निघाला, म्हणजे इतक्या तुटपुंज्या साधनांच्या मानाने अंदाज उत्तम होता. अपुऱ्या माहितीवरून टप्प्याटप्प्याने असा अंदाज बांधण्याच्या प्रश्नांना त्यांचे नाव पडले आहे. चाळीस लाख वस्तीच्या एखाद्या शहरात दिवसाला किती पोळ्या लाटल्या जात असतील? घरटी चार माणसे धरली तर दहा लाख घरे होतात. त्यांतल्या सात लाख घरांत त्या दिवशी पोळ्या झाल्या आणि प्रत्येक घरी बारा लाटल्या असे मानले, तर संख्या ८४ लाख येते. येथे थांबणे सोपे, पण आव्हानाचा आठवडा खरा येथून सुरू होतो. बारा पोळ्यांचा आकडा कोणाच्या घरचा? भाकरी होणारी घरे, वसतिगृहे, खानावळी आणि पोळी-भाजी केंद्रे यांचे काय? एका किलो कणकेच्या साधारण तेहतीस पोळ्या होतात असे धरले तर या शहराला रोज अडीच लाख किलो कणीक लागेल. शेजारची पिठाची गिरणी दिवसाला किती गहू दळते हे विचारून आलो, तर अशा किती गिरण्या लागतील आणि तो आकडा पटण्याजोगा आहे का, हे दुसऱ्या बाजूने ताडून पाहता येते. आकड्यांचा धाक वाटण्याऐवजी त्यांच्या पोटात शिरण्याची सवय अशाने लागते.

या सगळ्याच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. एका विषयात मिळवलेले कौशल्य दुसऱ्या विषयात उपयोगी पडणे, याला शिक्षणशास्त्रात अध्ययन संक्रमण म्हणतात, आणि ते गृहीत धरले जाते तितके सहज होत नाही. एडवर्ड थॉर्नडाइक व रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच दाखवून दिले होते, की एका प्रकारच्या आकृत्यांचे क्षेत्रफळ अजमावण्याचा सराव दुसऱ्या प्रकारच्या आकृत्यांना फारसा कामी येत नाही. शब्दकोडी सोडवून मनुष्य मुख्यतः शब्दकोड्यांत तरबेज होतो. म्हणून आठवड्यागणिक आव्हानाचा प्रकार बदलणे, आणि दर वेळी वापरलेली विचाराची चाल नाव घेऊन वर्गासमोर मांडणे, हे दोन्ही आवश्यक ठरते. बक्षिसांबाबतही सावधगिरी हवी. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेल्या बालवाडीतील मुलांचा चित्रकलेतला रस पुढे घटला. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले किंवा मिळालेच नाही त्यांचा घटला नाही. पहिल्या बरोबर उत्तराला बक्षीस, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत तर दुहेरी नुकसान करते, कारण ती घाईला मान देते आणि उरलेल्या वर्गासाठी प्रश्न मंगळवारीच संपवून टाकते.

महाराष्ट्रातील शाळांमध्ये या कामाला जागा नाही असे म्हणता येत नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये इयत्ता पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला असून दप्तराचे ओझे नसलेला असा दिवस उत्तर उघड करण्यासाठी सोयीचा आहे. त्या दिवशी बरोबर उत्तर फळ्यावर लिहून मोकळे होण्यापेक्षा, आलेल्या चुकीच्या पण विचारपूर्वक दिलेल्या दोन-तीन उत्तरांवर वर्गाने अर्धा तास घालवला तर तो सत्कारणी लागतो. मात्र चुकीचे उत्तर वाचून दाखवताना लिहिणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीवाचून घेऊ नये.

आव्हाने दीर्घकाळ आणि निष्ठेने चालवली तर ती कोठवर नेतात, याचा पुरावा हंगेरीत आहे. ग्योर या गावातील दानिएल अरानी या शिक्षकाने १८९४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी एक गणिती नियतकालिक सुरू केले, जे आज ‘कोमाल’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. तेथे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधले अंतर आठवड्याऐवजी महिन्याचे होते, पण तत्त्व तेच: विद्यार्थी उत्तरे पत्राने पाठवत, चांगल्या उकली त्यांच्या नावानिशी छापल्या जात आणि उत्तम सोडवणाऱ्यांची छायाचित्रेही प्रसिद्ध होत. या पानांवर एकमेकांची नावे वाचून ओळखीची झालेली काही मुले पुढे बुडापेस्टमध्ये भेटली, आणि वर ज्यांचा उल्लेख आला ते पॉल एर्दोश, तसेच जॉर्ज सेकेरेश व एस्टर क्लाइन हे त्या तरुण मित्रमंडळींत होते. १९३३ च्या सुमारास क्लाइन यांनी मित्रांपुढे प्रश्न टाकला: कोणतेही तीन एका रेषेत नसलेले पाच बिंदू कसेही मांडले, तरी त्यांतील चार बिंदूंचा बहिर्वक्र चौकोन, म्हणजे कोठेही आत न दबलेला चौकोन, मिळतोच, हे कसे दाखवाल? पाटावर पाच खिळे ठोकून सर्वांभोवती रबरबँड ताणले तर ते पाच, चार किंवा तीन खिळ्यांना टेकेल. पाच किंवा चारांना टेकले तर चौकोन समोरच आहे. तीनांनाच टेकले तर दोन खिळे आत राहतात. त्या दोहोंतून जाणारी रेषा त्रिकोणाचा एक शिरोबिंदू एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला टाकते, आणि ते दोन शिरोबिंदू व आतले दोन बिंदू मिळून हवा तो चौकोन होतो.

एर्दोश आणि सेकेरेश यांनी प्रश्न पुढे नेला: पंचकोन, षट्कोन किंवा त्याहून अधिक बाजूंची बहिर्वक्र आकृती हमखास मिळण्यासाठी किमान किती बिंदू लागतील? त्यांचा शोधनिबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लाइन आणि सेकेरेश यांचा विवाह १९३७ मध्ये झाला, म्हणून एर्दोश यांनी या प्रश्नाला सुखान्त प्रश्न असे नाव दिले. पुढे हे दांपत्य नाझी राजवटीपासून बचावासाठी शांघायला आणि तेथून ऑस्ट्रेलियाला गेले. पंचकोनासाठी नऊ बिंदू पुरतात हे लवकरच सिद्ध झाले होते. षट्कोनासाठी १७ बिंदू पुरतात हे सेकेरेश आणि लिंडसे पीटर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले, आणि तो निबंध सेकेरेश यांच्या निधनानंतर २००६ मध्ये छापून आला. सप्तकोनासाठी ३३ बिंदू पुरावेत असा अंदाज आहे. त्याची सिद्धता अद्याप कोणालाही देता आलेली नाही.